राष्ट्रगीताची चाल पनवेलची

कामोठे

सोलापूरची माणसं पनवेलला उतरतात ती मुंबईच्या वाटेवर चहा प्यायला. पनवेल बघायचं म्हणून कोणी जात नाही. मी गेले, आठवडाभर राहिले, आणि परत आल्यावर शेजारणींनी "काय काय पाहिलंत?" असं विचारलं तेव्हा दोन म्हाताऱ्यांची नावं सांगितली. त्यांची समजूत झाली की मी कोणासाठी तरी स्थळं बघायला गेले होते आणि ती भलत्याच वयाची निघाली. म्हणून सगळं नीट सांगते.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही नवराबायको शिक्षक म्हणून हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटांच्या देशात गेलो होतो. देशाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते तिथल्या सरकारी कागदावर अजून चढायचं आहे. हे वरच्या वर्गांना गणित शिकवत, मी पहिलीतल्या मुलांना गाणी आणि अक्षरं. रोज सकाळी शाळेत त्यांचं राष्ट्रगीत होई. शब्द त्यांच्या भाषेतले, पण चाल मला पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली. का, ते सांगता येत नव्हतं. तिथले लोक म्हणत, चाल एका इंडियनने बांधली, पोलीस बँडमधल्या. कोणी म्हणे, छे, बँडमास्तर गोरा होता, चाल त्याची, इंडियन नुसता वाजवत होता. कोणी म्हणे, आमच्या कोळ्यांचं जुनं गाणं आहे, दोघांनीही उचललं. सरकारी पुस्तकात फक्त "पोलीस बँड" एवढंच छापलेलं. आपल्याकडे माणसं सोसायटीच्या पार्किंगवरून वाद घालतात, तिथे या चालीवरून घालत. दुकानात मीठ घ्यायला आलेला माणूस या वादात तासभर थांबे.

माझ्या पहिलीच्या वर्गातली अँजेलिन आता तिथल्या सांस्कृतिक खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. दिवाळीच्या सुमारास तिचा फोन आला. "टीचर, पनवेल तुमच्या घरापासून किती लांब आहे?"

राष्ट्रगीताच्या एका व्हिडिओखाली कोणा मुलीने लिहिलं होतं, "ही माझ्या आजोबांची चाल आहे. पनवेल, महाराष्ट्र." पुढच्या स्वातंत्र्यदिनाला चाल बांधणाऱ्याचं नाव जाहीर करायचं सरकारच्या मनात होतं. माणूस हयात असेल तर त्याला बोलवायचंही होतं. पण उद्या नाव चुकलं तर नामुष्की. "तुम्ही जा, ऐका आणि मला सांगा," अँजेलिन म्हणाली. "तुमचा कान मला माहीत आहे. मी बेसूर गायले की तुम्ही खडू मोडायचात."

खडू मोडल्याचं मला आठवत नाही. यांना विचारलं, तर म्हणाले, "माझे गुडघे घेऊन मी कुठे येऊ? तू जा." तशी मी डिसेंबरात निघाले.

मुक्काम कामोठ्याला माझ्या भाचीकडे, सुप्रियाकडे. ती आणि तिचा नवरा दोघं नोकरीला. कामोठं म्हणजे इमारतीला इमारत लागलेली. खाली दुकानं, दुकानांवर क्लासेसच्या पाट्या, पाट्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. मध्येच जुन्या गावाचं एखादं कौलारू घर आणि दारात वाळत घातलेली जाळी. पहिल्याच संध्याकाळी मी कोथिंबीर आणायला खाली उतरले आणि परत येताना शेजारच्या इमारतीत शिरले. मजला तोच, दार त्याच रंगाचं. बेल वाजवली. एका बाईने दार उघडलं, मला बसवलं, पाणी दिलं, पंखा लावला, आणि मग अदबीने विचारलं, "आपण कोण?" सोलापुरात पहिल्यांदा "कोण?" विचारतात आणि मग पाणी देतात. मला हा क्रम आवडला. जाताना तिने माझी कोथिंबीर बघून, "महाग दिलीन तुम्हाला," असंही सांगितलं.

पनवेल

दुसऱ्या दिवशी सुप्रियाने मला रिक्षात बसवून दिलं. व्हिडिओखाली लिहिणारी मुलगी, झोया, मोहल्ल्याच्या तोंडाशी उभी होती. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, बोलते भराभर. "मॅडम, अ‍ॅक्च्युअली मी सहज लिहिलं होतं. कोणी वाचेल असं वाटलंच नाही," म्हणाली.

आजोबांना ती दादा म्हणते. त्यांचं नाव युसुफभाई. उंच, किंचित वाकलेले, पांढरा झब्बा. समोरच्या खोलीत भिंतीवर पितळी वाद्यं टांगलेली, एकाहून एक चकचकीत. तिकडून परतल्यावर त्यांनी पनवेलात लग्नाचा बँड काढला होता. तो आता मुलाकडे आहे. युसुफभाईंकडे फक्त वाद्यं पुसायचं काम उरलंय आणि ते कोणाला हात लावू देत नाहीत.

"बसा बाई. यायला तकलीफ नाही ना झाली?" ते म्हणाले. बोळकं हसले तेव्हा लक्षात आलं, तोंडात एकही दात नव्हता. "वाजवून दाखवा असं म्हणू नका. दात गेले की बिगुल गेला. कवळीने भाकरी चावता येते, सूर नाही धरता येत."

म्हणून मीच गायले. इतक्या वर्षांत मी ते गीत मोठ्याने म्हटलं नव्हतं, पण शब्द आपोआप आले. युसुफभाईंनी डोळे मिटले आणि एक बोट उचललं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मी पुढे जाणार तोच बोट हवेत थांबलं. मी थांबले. बोट खाली आलं, मग मी पुढे गेले. असं प्रत्येक ओळीला. शाळेत आम्ही हे थांबे गिळून टाकत होतो, मुलांना उन्हात उभं करायचं नसे म्हणून. थांबे घेऊन गायल्यावर त्या गीताला चाल आली. चाल म्हणजे पावलांची चाल.

"तुमच्या सोलापुरात वरातीपुढे बँड कसा चालतो?" त्यांनी विचारलं. "एक पाऊल टाकतो, थांबतो, नवरीच्या आईकडे बघतो, पुढे जातो. तेच आहे हे. दुसरं काही नाही."

मला ती ओळखीची का वाटली होती, ते तेव्हा कळलं.

मग त्यांनी सांगितलं की बँडमास्तरसाहेबांनी एका सकाळी बोलावून नवी चाल मागितली होती, संध्याकाळपर्यंत. ते बराकीच्या पायऱ्यांवर बिगुल पुसत बसले आणि चाल आली. "कुठून आली विचाराल तर खुदाला माहीत. लिहिता येत नव्हती, साहेबांनी लिहून घेतली. त्यांचा एवढाच हात. माणूस सच्चा होता, कधी माझी म्हणाला नाही. पण कागद त्याच्या हातचा, म्हणून लोक त्याची म्हणायला लागले."

"बँडमध्ये तुमच्याबरोबर इकडचं आणखी कोणी होतं?"

ते फडक्याने बिगुलाचं तोंड पुसत राहिले. "दत्ताराम होता. आपट्याचा. क्लॅरिनेट. एकाच बोटीने गेलो होतो. माझ्याहून चांगला वाजवायचा." आणि झोयाकडे वळून म्हणाले, "सांदणं आण ना बाईंना."

सांदणं म्हणजे तांदळाच्या रव्याच्या वाफवलेल्या गोड वड्या, सोबत नारळाचं दूध. इडलीची मावसबहीण म्हणा, पण जास्त लाडात वाढलेली. मी चार खाल्ली. माझं काम झालं असं समजून मी खुशीत उठले.

जिन्यात झोयाने मला थांबवलं. "मॅडम, एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर नंतर प्रॉब्लेम होईल. ते आपट्याचे दत्तारामकाका आहेत ना, ते सगळ्यांना सांगतात की राष्ट्रगीताची चाल त्यांची आहे. दोघं कधीपासून बोलत नाहीत. माझ्या पप्पांच्या लग्नालासुद्धा ते आले नव्हते."

"मग दादांना आपण विचारू या."

"नको. त्यांचं नाव निघालं की दादांचं बीपी वाढतं. दोन दिवस जेवत नाहीत. भांडतही नाहीत, नुसते गप्प होतात." तिचा चेहरा उतरला होता. "मी लिहायलाच नको होतं का?"

तिच्या खांद्यावर थोपटून मी निघाले. युसुफभाई खोटं बोलत असतील असं वाटत नव्हतं. पण एका गाठीभेटीत खरंखोटं समजतं असा माझा दावा नाही. पस्तीस वर्षं शिकवूनही कोणत्या मुलाने शाई सांडली ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

आपटा

पनवेलहून एसटी कर्नाळ्याच्या बाजूने जाते. डोंगरावरचा तो अंगठ्यासारखा सुळका बराच वेळ सोबत करतो. भातं कापून झालेली, खाचरं करडी पडलेली, आणि मधून मधून विटांच्या भट्ट्या. भट्ट्यांपाशी पालापाचोळ्याच्या खोप्या, आणि आदिवासी बाया विटांच्या रांगा रचताना दिसत होत्या. तान्ही मुलं तिथेच, झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत.

कंडक्टरने "आपटा फाटा" पुकारलं. मी "आपटा" ऐकलं, "फाटा" ऐकलाच नाही, आणि उतरले. गाव तिथून बरंच आत होतं. पाऊण वाटेत एका टेम्पोवाल्याने मला घेतलं. टेम्पोत कोंबड्यांच्या जाळ्या होत्या. "कुनाकडं जायचाय?" त्याने विचारलं. दत्ताराम म्हटल्यावर म्हणाला, "सनईवाले? राष्ट्रगीतवाले? चला, दारान सोडतो." म्हणजे झोया म्हणाली ते खरं होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

आपटा गाव पाताळगंगेच्या काठावर आहे. लाकडी खांबांची, उतरत्या कौलांची घरं, स्वच्छ सारवलेली अंगणं, आणि नदी इतकी जवळ की घरात बसून पाण्याचा आवाज येतो. आम्हा सोलापूरकरांना नदी म्हणजे पुलावरून जाताना "यंदा आहे का पाणी?" म्हणून डोकावून बघायची गोष्ट. इथे ती शेजारीण असल्यासारखी परसात उभी.

दत्ताराम ओटीवर बसले होते. लहानखुरे, काळेसावळे, कपाळाला गंध. घराणं गुरवांचं. देवळात सनई वाजवायची ती पिढ्यान् पिढ्या यांनीच. मुलगी लता त्यांच्यासोबत राहते, शाळेत पोषण आहाराचं काम करते. मी तिकडे शिक्षिका होते आणि राष्ट्रगीताची चौकशी करायला आले आहे, असं सांगितल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"लते, ऐकलंस? तिकडनं मानूस आलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मना वाटलाच व्हता, कोन ना कोन येनार. चाल माजी हाय. आमी दोघं गेलो व्हतो, मी नी पनवेलचा एक. स्वतंत्र झाले तवा साहेबांनी सगल्यांकडनं चाली मागितल्या. माजी घेतली. झेंडा वर चढला तवा मी स्वता वाजवली. नंतर सहा म्हयन्यात बापूस वारला, देवलाची सेवा कोन करनार, म्हनून आलो."

"वाजवून दाखवता?"

वाट बघत असल्यासारखे ते आत गेले आणि पेटीतून क्लॅरिनेट घेऊन आले. तुकडे जोडले, पत्ती ओलावली, आणि वाजवू लागले.

फार सुंदर वाजवलं. संथ, भरदार. सकाळी देवळाचं दार उघडताना आतला गारवा अंगावर येतो, तशी ती चाल होती. पण ते राष्ट्रगीत नव्हतं. त्यातली एकही ओळ मी कधी ऐकलेली नव्हती.

वाजवून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटलं ते असं की या माणसाने इतकी वर्षं गावाला खोटं सांगितलं असेल, आणि तेही इतकं चांगलं वाजवता येत असताना.

"हेच राष्ट्रगीत?" मी विचारलं.

"हेच म्हंजे? तुमी तिथं व्हत्या ना?"

"होते. सहा वर्षं."

"मंग वलखलं कसं नाय?" त्यांच्या कपाळावर आठी आली. "बाई, तुमी नक्की तिथंच व्हत्या का?"

"बाबा," लता हळूच म्हणाली.

त्यांचा संशय रास्त होता. तो फेडायचा म्हणून मी माहीत असलेलं गीत म्हणायला लागले, कालच शिकलेले थांबे घेऊन. पहिली ओळ त्यांनी परक्यासारखी ऐकली. दुसरीला त्यांची बोटं क्लॅरिनेटच्या चाव्यांवर हलायला लागली. तिसरी संपायच्या आत त्यांनी हात वर केला.

"थांबा. ही युसुफची हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कलनार नाय तं काय. दर वलीला पाय उचलतो नी टाकीत नाय. वरातीतला मानूस हाय तो. माजं बगा, देवलातलं, पाय टेकून उभं ऱ्हातं." मग म्हणाले, "पन ती राष्ट्रगीत कशी?"

"आम्ही जायच्या काही वर्षं आधी तिकडे राज्य उलटलं होतं," मी सांगायला लागले. "नवे लोक आले. झेंडा बदलला, नोटा बदलल्या..." आणि बोलता बोलता मलाच उमगलं. युसुफभाई म्हणाले होते, साहेबांनी नवी चाल मागितली. मी त्या "नवी"कडे लक्षच दिलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा जुन्या दिवसांबद्दल तिकडे कोणी मोठ्याने बोलत नसे. झेंडा बदलल्याचं कळलं होतं, पण गाणंही बदललं असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मुलं जे म्हणत होती तेच कायमचं, असं धरून चालले.

दत्तारामांना माझ्याआधी कळलं असावं.

"मंग माजी काडली," ते म्हणाले.

"असं दिसतंय."

त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, एकेक पुसला, पेटीत ठेवला, पेटी लावली. उठून परसातून नदीकडे उतरले. पायऱ्यांवर बसलेले पाठमोरे दिसत होते.

लता माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "रोज सकाळी देवळातली सनई झाली ना, की घरी येऊन चहा पिताना म्हणतात, आता तिकडं पोरं रांगेत उभी ऱ्हाली असतील. माझ्या लहानपणापासून ऐकते. त्यांना नाव नको होतं, ताई. पनवेलवाले काका स्वतःची म्हणतात हे ऐकलं तेव्हा राग आला, बोलणं टाकलं, तिकडच्या बाजारात जाणंही टाकलं. पण म्हणायचे, नाव चोरलान तर चोरलान, गाणं तर माझंच म्हणतात ना."

मला वाटलं, मी न गाता निघून गेले असते तर बरं झालं असतं. एका म्हाताऱ्याच्या सकाळच्या चहातली एवढी मोठी गोष्ट मी काढून घेतली होती, आणि तीही स्वतःचा खरेपणा दाखवण्यासाठी.

बऱ्याच वेळाने ते वर आले. लताने पानं घेतली. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. आमची सोलापूरची कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. ही रुमालासारखी घडी घालून पानात वाढतात. निम्मं जेवण झाल्यावर दत्तारामांनी विचारलं, "युसुफला दात हायत का?"

"एकही नाही."

"मंग बिगुल गेला त्याचा." त्यांनी घास गिळला. "चाल चांगली बांधलीय. तिसऱ्या वलीत घाई करतो. पयल्यापासनं करतो." आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "परवा मी येतो पनवेलला. उद्या देवलात कार्य हाय. तुमी मोरं चला, मना एकट्याला ते दार चढवनार नाय."

चिरनेर

मधला दिवस रिकामा होता. सुप्रियाला सुट्टी होती, तिने चिरनेरला नेलं. जंगल सत्याग्रहात इथल्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला होता. हुतात्म्यांचं स्मारक आहे, नावं कोरलेली आहेत. गणपतीचं दर्शन घेतलं, तळ्याकाठी बसून शेंगा खाल्ल्या. एक आजोबा तिथे ऊन खात होते. त्यांना मी विचारलं, सत्याग्रहाला जाताना लोक गाणी म्हणत होते का? "म्हनत व्हती तं. आमचा बापूस सांगायचा," ते म्हणाले. कोणाची गाणी, असं विचारल्यावर माझ्याकडे जरा नवलाने बघत राहिले. "कुनाची म्हंजे? आमचीच."

सुप्रियाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तू जास्त विचार करतेस. कधीतरी कळलंच असतं." तिचं बरोबर असेल. पण घरी परतेपर्यंत माझं मन त्या नदीच्या पायऱ्यांवरच होतं.

पुन्हा पनवेल

दत्ताराम आणि लता एसटी स्टँडवर उतरले. त्यांनी कोट घातला होता आणि क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरली होती. मी झोयाला फोनवर कल्पना दिली होती, तिने दादांना काय सांगितलं होतं देव जाणे. आम्ही पोचलो तेव्हा युसुफभाई दारात उभे होते.

"आलास," ते म्हणाले.

"आलो."

दोघं समोरासमोर बसले. झोयाने चहा आणला. कोणी कप उचलला नाही. शेवटी दत्ताराम म्हणाले, "तुजी चाल आयकली. या बाईंनी गायली."

युसुफभाईंनी मान खाली घातली. "मला माफ कर, दत्ता. मी मागून नव्हती घेतली. साहेबाने बोलावून सांगितलं, दत्तारामची आता चालणार नाही, जुन्या सरकारची आहे, नवी दे. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणी दिली असती. पण तुझी उतरवली आणि तिथे माझी बसवली हे खरं आहे. परत आलो तेव्हा वाटलं, कोणत्या तोंडाने आपट्याला जाऊ? मग कानावर आलं, तू अजून म्हणतोस राष्ट्रगीत माझं. मी समजलो, तुझा राग गेला नाही. म्हटलं, हक आहे त्याचा, म्हणू दे."

"मना ठावंच नव्हतं."

"काय?"

"काडली म्हनून."

युसुफभाईंनी मान वर केली. "आतापर्यंत?"

"परवापतूर. मी समजत व्हतो तू माजी चोरलीस."

झोयाने हात तोंडावर ठेवला होता. मला वाटलं युसुफभाई आता रडतील, पण ते म्हणाले, "तुझी चोरायला मी काय वेडा आहे? ती वाजवायला छाती किती लागते," आणि दत्ताराम हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. दोघंही बराच वेळ हसत होते आणि लता डोळे पुसत होती. मग चहा गार झाला म्हणून झोया पुन्हा करायला गेली.

मी अँजेलिनला व्हिडिओ कॉल लावला. काय झालं ते त्यांच्या भाषेत सांगितलं: तुझ्या प्रश्नाचं उत्तर युसुफभाई. पण तुमच्या पहिल्या, जुन्या राष्ट्रगीताचं उत्तरही इथेच बसलंय. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "टीचर, थांबा. आज मी आईकडेच आहे. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी ती शाळेच्या रांगेत होती."

पडदा हलला. अंगण दिसलं, मग फुलाफुलांच्या झग्यातली एक पांढऱ्या केसांची बाई. अँजेलिन तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती. बाईने मान डोलावली, फोनकडे न बघता कुठेतरी लांब बघितलं, आणि गायला लागली. आवाज पिकलेला, पण सूर खरा. दत्तारामांची चाल होती, पाय टेकून उभी राहणारी. त्यावरचे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दत्ताराम जागच्या जागी ताठ झाले. पेटी अजून मांडीवर होती. बाई दुसऱ्या ओळीपर्यंत आली आणि अडली. शब्द आठवेनात. ती हसली, थांबली, आठवू लागली.

युसुफभाई झोयाच्या खांद्याला धरून उठले. पाय जुळवले, हात सरळ खाली सोडले. मग दत्तारामांकडे न बघताच म्हणाले, "ऊठ."

"माज्याच गान्याला मी कसा उठू?"

"चाल तुझी असेल. देश त्यांचा आहे. ऊठ."

दत्तारामांनी पेटी लताकडे दिली आणि ते उठले. मग मी, लता, झोया, सगळ्याच उठलो. पलीकडे म्हातारीने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तिला शेवट आठवेपर्यंत आम्ही उभे होतो.